म्युनिकहून साल्झबर्ग: सासू-सासऱ्यांना घेऊन रेल्वेने एका दिवसात सीमेपलीकडे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझे सासू-सासरे पुढच्या महिन्यात सांगलीहून आमच्याकडे म्युनिकला येताहेत. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. सासऱ्यांनी नोकरीची सगळी वर्षं एसटीत काढली, त्यामुळे गाडी, वेळापत्रक आणि नकाशा हे त्यांचे आवडते विषय. सकाळी एका देशात चहा घ्यायचा, दुपारी दुसऱ्या देशात जेवायचं आणि रात्री परत घरी यायचं, याचं त्यांना फार अप्रूप आहे. फोनवर दोनदा विचारून झालं, "रुळावरून जाताना सीमा कुठे लागते ते दिसतं का गं?"

साल्झबर्ग जवळ आहे, गाव सुंदर आहे आणि रेल्वेने सरळ जाता येतं, म्हणून तेच ठरवतेय. गाडी भाड्याने घ्यायची नाही, रेल्वेनेच जायचं आहे. पण काही गोष्टी मला नीट समजून घ्यायच्या आहेत. दोघांच्या व्हिसावर एकच प्रवेश लिहिलेला आहे. सासऱ्यांना काळजी वाटते, की एकदा जर्मनीच्या बाहेर पाऊल टाकलं तर परत येऊ देणार नाहीत. तिकिटांचे इतके प्रकार दिसतात की नक्की कुठलं सीमेपलीकडे चालतं ते कळत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, चढ फार झेपत नाही. आणि त्या अंडंही खात नाहीत.

जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. नुसत्या "छान आहे, जाऊन या" पेक्षा प्रत्यक्ष उपयोगाचं हवंय.

इसारतीर

व्हिसाची शंका आधी सोडवू, कारण बहुतेक आई-वडिलांना हीच धास्ती असते. स्टिकरवर "कुठे वैध" या रकान्यात "शेंगेनर श्टाटेन" (शेंगेन देश, म्हणजे एकाच सामाईक व्हिसावर चालणारे युरोपातले देश) असं छापलेलं आहे का ते बघा. तसं असेल तर तो व्हिसा शेंगेनच्या 29 देशांसाठी आहे आणि या देशांच्या आपापसातल्या सीमा ओलांडणं हा नवा प्रवेश धरला जात नाही. पहिला आणि एकमेव प्रवेश म्युनिक विमानतळावर होऊन जातो. तिथून साल्झबर्गला जाऊन परत येणं म्हणजे त्याच क्षेत्रात फिरणं आहे. दिवसांची मोजणीही सगळ्या देशांची मिळून एकच असते, ऑस्ट्रियातला दिवस वेगळा धरत नाहीत. व्हिसासाठी जो 30,000 युरोंचा प्रवासविमा काढलात, तोही सगळ्या शेंगेन देशांत चालतो. त्याची प्रत जवळ ठेवा.

पण प्रवेशाची शंका मिटली तरी तपासणी होतेच. जर्मनीने सप्टेंबर 2015 पासून ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी सुरू केली आणि तिला सतत मुदतवाढ मिळत आलेली आहे. जाताना सहसा कुणी विचारत नाही. येताना फ्राइलासिंगला, म्हणजे जर्मनीच्या हद्दीतल्या पहिल्या स्टेशनात, पोलीस डब्यात चढतात. गाडी कधी पाच मिनिटं थांबते, कधी जास्त. मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. तुमच्या स्वतःच्या बाबतीत पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड दोन्ही हवंत. ज्यांचं कार्ड नूतनीकरणाला गेलंय आणि हातात नुसता तात्पुरता कागद आहे, त्यांनी सीमा ओलांडण्याआधी परदेशी नागरिकांच्या कचेरीत विचारून घ्यावं.

सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, की पोलीस येतील, पासपोर्ट बघतील, परत देतील. आधी माहीत असलं की गणवेश बघून छातीत धस्स होत नाही.

इसारतीर

आता तिकीट. म्युनिकहून साल्झबर्गला दोन तऱ्हेच्या गाड्या जातात. एक लांब पल्ल्याची, युरोसिटी किंवा रेलजेट, दीड तासात पोचवते. दुसरी तासातासाला सुटणारी प्रादेशिक गाडी, आरई 5. ती रोझनहाइम, प्रीन, ट्राउनश्टाइन करत पावणेदोन ते दोन तासांत नेते. तुम्ही आरई 5 घ्या. वेळेतला फरक किरकोळ, पैशातला मोठा.

या गाडीला बायर्न-टिकेट, म्हणजे बव्हेरिया प्रांताचं एका दिवसाचं तिकीट, चालतं. नाव बव्हेरियाचं असलं तरी ते साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत वैध आहे. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो. पहिल्या माणसाचे पैसे जास्त, पुढच्या प्रत्येकाचे थोडेच वाढतात, म्हणून चौघांना फार परवडतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच लागू होतं. शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी मध्यरात्रीपासून. दुसऱ्या दिवशी पहाटे 3 पर्यंत चालतं, त्यामुळे परतीची घाई नाही. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहायची असतात. ती गाडीत बसण्याआधीच लिहा, तिकीटतपासनीस समोर आल्यावर नाही. आणि याच तिकिटावर म्युनिकमधली मेट्रो, ट्राम, बसही येते, म्हणजे घरापासून मुख्य स्टेशनापर्यंत वेगळं काही काढायला नको.

एवढं पक्कं लक्षात ठेवा: हे तिकीट युरोसिटी, रेलजेट, आयसीई यांत चालत नाही. साल्झबर्गच्या फलाटावर संध्याकाळी म्युनिकची रेलजेट उभी दिसते, मोह होतो. त्या गाडीत चढायचं नाही.

निवांत

मी पुण्याचा. निवृत्त. मुलगी श्टुटगार्टला असते, तिच्याकडे येऊन राहिलेला माणूस म्हणून आमच्या पिढीच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

मुलं प्रेमाने आम्हाला फिरवतात, पण दिवसात फार कोंबतात. सकाळी सहाला उठवून, तीन संग्रहालयं, दोन किल्ले, एक तळं आणि रात्री अकराला घरी. आम्ही नाही म्हणत नाही, कारण मुलांनी सुट्टी काढलेली असते, खर्च केलेला असतो. तुमच्या सासऱ्यांना गाडीची आवड आहे असं लिहिलंत, तर माझी विनंती आहे की येताना-जाताना खिडकीपाशी त्यांना निवांत बसू द्या. त्या प्रवासालाच सहलीचा भाग माना. साल्झबर्गात एखादी जागा कमी झाली तरी चालेल.

आणि बसायला बाकं कुठे आहेत, स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधी सांगितलंत तर आमच्या वयाची माणसं दिवसभर मोकळी राहतात. हे आम्ही तोंडाने विचारत नाही. पाणीही मुद्दाम कमी पितो, त्याने पुढे त्रास होतो.

कृष्णाकाठ

इसारतीर, किती नेमकं लिहिलंत, मनापासून आभार. स्टिकर बघायला सांगितला, "शेंगेनर श्टाटेन" असंच आहे. सासऱ्यांनी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचून घेतला.

निवांत काका, तुमचं लिहिणं वाचून मी यादीतली दोन ठिकाणं काढून टाकली. स्वच्छतागृहाचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता.

ते आमच्याकडे दोन महिने राहणार आहेत. डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीभरच्या प्रादेशिक गाड्या आणि शहरी वाहतुकीचं मासिक तिकीट, काढलेलं बरं पडेल का? कुणी काढलंय का पाहुण्यांसाठी?

इसारतीर

काढता येतं, त्याला जर्मनीत रहिवासी असण्याची अट नाही. मे 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं आणि जानेवारी 2026 पासून महिन्याला 63 युरो. ते प्रत्येकाच्या नावाचं वेगळं असतं, दुसऱ्याला देता येत नाही, सोबत ओळखपत्र हवं. सकाळी 9 ची अट त्याला नाही. तेही साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत चालतं, अर्थात प्रादेशिक गाड्यांतच. फक्त ते वर्गणीसारखं आहे, आपोआप पुढच्या महिन्यात जातं. बंद करायचं तर चालू महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवावं लागतं.

दोन महिन्यांत गावातली ये-जा आणि अशा तीन-चार सहली होणार असतील तर घ्या. एकाच सहलीसाठी बायर्न-टिकेट.

स्वच्छतागृह: आरई 5 मध्ये असतं, बहुतेक स्टेशनांत पैसे देऊन. युरोची सुटी नाणी खिशात ठेवाच. निवांत काकांशी पूर्ण सहमत.

रूळवेडा

मी माल्मोला रेल्वेच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून सासऱ्यांच्या "सीमा दिसते का" या प्रश्नावर राहवलं नाही.

साल्झबर्गच्या वाटेवर सीमा म्हणजे झालाख नदी. फ्राइलासिंग सुटलं की काही मिनिटांत एक पूल लागतो, तो ओलांडला की ऑस्ट्रिया. ना कमान, ना चौकी. गाडीचं इंजिनही बदलावं लागत नाही, कारण जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोघांकडे रुळावरची वीज एकाच जातीची आहे: 15 किलोव्होल्ट, 16.7 हर्ट्झ. हा मार्ग 1860 मध्ये सुरू झाला. त्यांना फ्राइलासिंगनंतर खिडकीतून नदीकडे लक्ष ठेवायला सांगा. पूल पटकन येतो आणि जातो.

आमच्याकडे कोपनहेगन–माल्मो या वाटेवर मात्र सीमा यंत्रात दडलेली आहे. डेन्मार्कची वीज 25 किलोव्होल्ट, 50 हर्ट्झ. स्वीडनची 15 किलोव्होल्ट, 16.7 हर्ट्झ. म्हणून इथल्या गाड्या दोन्ही विजेवर चालतील अशाच बांधलेल्या आहेत. शिवाय डेन्मार्कमध्ये गाड्या उजव्या रुळाने धावतात आणि स्वीडनमध्ये डाव्या, त्यामुळे स्वीडनच्या बाजूला बाजू बदलावी लागते. प्रवाशाला यातलं काही जाणवत नाही. आधी समुद्राखालून 4 किलोमीटरचा बोगदा, मग पेबरहोल्म हे मानवनिर्मित बेट, मग जवळजवळ 8 किलोमीटरचा पूल. हे सगळं 1 जुलै 2000 ला खुलं झालं. कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनातून साधारण चाळीस मिनिटांत माल्मो. पुलावर मोटारीला भरावा लागणारा टोल भारी आहे, म्हणून एका दिवसाच्या सहलीला रेल्वेच बरी. चलन दोन्हीकडे क्रोनच म्हणवतं पण एकमेकांचं चालत नाही. कार्डाने पैसे दिले की झालं. इथेही ओळखपत्रं बघतात, मूळ पासपोर्ट हवाच.

कुणाचे आई-बाबा डेन्मार्कात येणार असतील तर त्यांनी ही सहल जरूर करावी. पूल चढताना दोन्ही बाजूंना नुसतं पाणी दिसतं.

अनवट

मी मूळची नाशिकची, आता कामानिमित्त साल्झबर्गलाच राहते, त्यामुळे इथलं मी लिहिते.

गाडीत बसताना म्युनिकहून येताना उजवीकडची खिडकी धरा, आल्प्स त्या बाजूला आहे. मात्र प्रीननंतर कीमझे तलाव लागतो तो डावीकडे. सासऱ्यांना उजवीकडे बसवून तिथे थोडा वेळ डावीकडे पाठवा. मुख्य स्टेशनातूनच चढा, वाटेतल्या स्टेशनात चढलात तर चौघांना एकत्र जागा मिळेलच असं नाही. शनिवारी डोंगरात जाणारे, सायकलवाले सगळे याच गाडीत असतात. मधला वार शक्य असेल तर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये इथे संगीत महोत्सव असतो, 1920 पासून चालत आलेला, तेव्हा गाव तुडुंब भरतं. डिसेंबरात नाताळबाजाराच्या शनिवार-रविवारी तर उभं राहूनच यावं लागतं.

उतरल्यावर. स्टेशनापासून मिराबेल बाग चालत पंधरा मिनिटांवर, रस्ता सपाट आहे. चालणं नको असेल तर स्टेशनासमोरूनच वरच्या तारांवर चालणाऱ्या बस मिळतात, इथे त्यांना ओबुस म्हणतात, 1940 पासून चालू आहेत. त्याचं तिकीट वेगळं. तुमचं बायर्न-टिकेट स्टेशनापाशी संपतं, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. डॉइचलांडटिकेटही गावातल्या बसमध्ये चालत नाही.

बागेतून समोर उंचावर होहेनझाल्झबुर्ग किल्ला दिसतो. 1077 मध्ये आर्चबिशप गेबहार्डने त्याचं बांधकाम सुरू केलं. हे गाव तेव्हा कुणा राजाचं नव्हतं, धर्मगुरूच इथले राज्यकर्ते होते आणि ते 1803 पर्यंत टिकलं. सगळा पैसा मिठाचा. जवळच्या हालाइनच्या खाणीतलं मीठ साल्झाख नदीतून नावांनी खाली जायचं. गावात दिसणारी चर्चं, राजवाडे, कारंजी सगळी त्या मिठावर उभी राहिली. किल्ल्यावर जायला 1892 पासून दोरगाडी आहे, पण वर आत गेल्यावर दगडी फरसबंदी, चढ आणि पायऱ्या आहेत. सासूबाईंसाठी मी किल्ला सुचवणार नाही. त्याऐवजी म्योन्क्सबेर्गची लिफ्ट घ्या. जुन्या गावाच्या कडेला कड्याच्या पोटातूनच ती वर जाते, गेट्राइडेगासे या जुन्या गावातल्या मुख्य गल्लीच्या टोकापासून हाकेच्या अंतरावर आहे. वर आधुनिक कलेचं संग्रहालय आहे आणि त्याच्या गच्चीवरून किल्ला, घुमट, नदी, सगळं गाव समोर दिसतं. बसायला जागा आहे. पैसेही किल्ल्यापेक्षा कमी.

ज्यांना किल्ला, मोझार्टचं घर, हेलब्रुनची कारंजी सगळं करायचंय त्यांनी 24 तासांचं साल्झबर्ग कार्ड घ्यावं. त्यात बस आणि दोरगाडीही येते. दोन ठिकाणांसाठी मात्र ते घेऊ नका. मोझार्टचा जन्म 27 जानेवारी 1756 ला गेट्राइडेगासे 9 या घरात झाला, तिसऱ्या मजल्यावर. पिवळं घर आहे. बाहेरून बघून गुडघ्यांना विश्रांती द्या, संगीताची फारच ओढ असेल तरच वर चढा.

आणि छत्री. इथे एक बारीक, न थांबणारा पाऊस पडतो, दोरी सोडल्यासारखा सरळ, लोक त्याला श्न्यूर्लरेगन म्हणतात. हवामानाच्या अंदाजावर विसंबून राहू नका, पर्समध्ये छत्री असूच द्या.

कृष्णाकाठ

अनवट, तुम्ही तर हात धरून नेलंत. लिफ्टचं आधी कुणीच सांगितलं नव्हतं. खाण्याचं काय करावं?

अनवट

इथे सांभाळून, कारण शाकाहारी लिहिलेल्या पदार्थातही अंडं असतं. कासनोकन हा चीज घातलेला पदार्थ साल्झबर्गची खासियत आहे, पण त्याचं पीठ अंड्यात भिजवतात. कायझरश्मार्न, साल्झबुर्गर नोकर्ल ही गोडं अंड्याचीच. बटाट्याची कोशिंबीर दिसायला साधी असते, पण ऑस्ट्रियात ती बहुधा मांसाच्या पाण्यात कालवतात. सूपही तसंच, वर फक्त पातळ धिरड्याच्या पट्ट्या तरंगत असतात, खालचं पाणी गोमांसाचं. "ओने आय, ओने फ्लाइश", म्हणजे अंड्याशिवाय, मांसाशिवाय, असं स्पष्ट विचारायचं. लोक प्रामाणिकपणे सांगतात, कुणी वाईट वाटून घेत नाही.

सासूबाईंना निर्धास्त खाता येईल असं म्हणजे सेंट पीटर मठाच्या बेकरीतला पाव. किल्ल्याच्या पायथ्याशी, दारात पाणचक्की फिरत असते. लाकडाच्या भट्टीत भाजलेला, राईच्या आंबवलेल्या पिठाचा पाव. अगदी साधा, किंचित आंबट. रोज उघडी नसते, आधी बघा. थंडीत रस्त्यावर भाजलेले चेस्टनट मिळतात. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी डोंगरातून येतं, उत्तम असतं.

घरून दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी बांधून आणा हे सगळ्यात बरं. गाडीत खायला काहीच हरकत नसते. मिराबेल बागेत बाकावर बसूनही लोक डबा खातात. रविवारी दोन्ही देशांत दुकानं बंद असतात, पण साल्झबर्ग स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं. दही, फळं तिथे मिळतील.

मोझार्टकुगल, म्हणजे इथले चॉकलेटचे गोळे, नातेवाइकांसाठी न्यायचे असतील तर: 1890 मध्ये पाउल फ्युर्स्ट या मिठाईवाल्याने ते पहिल्यांदा केले आणि त्याच घराण्याचं दुकान आजही हाताने बनवतं. निळ्या-चंदेरी कागदातले ते. सगळीकडे दिसणारे सोनेरी-लाल कागदातले कारखान्यातले. हाताने केलेले फार दिवस टिकत नाहीत, सांगलीला न्यायचे तर जाण्याच्या आठवड्यातच घ्या.

व्हिएन्नाकर

उत्तम धागा. व्हिएन्नाच्या पाहुण्यांसाठी थोडकं: इथून ब्रातिस्लावा रेल्वेने साधारण तासाभरावर. दोन देशांच्या राजधान्या इतक्या जवळ क्वचित असतात. परतीचं सवलतीचं तिकीट मिळतं आणि त्यात ब्रातिस्लावातली ट्राम-बसही धरलेली असते, साल्झबर्गसारखं वेगळं काढावं लागत नाही. स्लोव्हाकियात 1 जानेवारी 2009 पासून युरोच आहे. 1914 मध्ये या दोन शहरांमध्ये विजेची गाडी सुरू झाली होती, लोक नाटक बघायला व्हिएन्नाला येऊन रात्री परत जायचे. नंतर पोलादी पडदा आला आणि ती वाट तुटली. आज पुन्हा तशी ये-जा चालते, हे मला प्रत्येक वेळी फार मोलाचं वाटतं.

ब्रातिस्लावात दोन स्टेशनं आहेत हे मात्र बघा. मुख्य स्टेशन एकीकडे आणि पेत्रझाल्का डॅन्यूबच्या पलीकडे. ज्या स्टेशनातून परत यायचं त्याचीच गाडी पकडा.

टेम्सकाठी

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी सावधगिरीची सूचना, कारण वरचं वाचून कुणाचा तरी गैरसमज होईल. लंडन–पॅरिस गाडीला यातलं काहीही लागू नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, आयर्लंडही नाही. लंडनहून सकाळी निघून अडीच तासांच्या आत पॅरिसला पोचता येतं, पण भारतीय पासपोर्टवर शेंगेनचा व्हिसा वेगळा लागतो. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी गाडीत बसण्याआधी सेंट पँक्रास स्टेशनातच होते, त्यामुळे तास-दीड तास आधी जावं लागतं.

याच्या उलट जास्त धोका आहे. ज्यांच्याकडे एकच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा आहे त्यांनी मधेच लंडनला फेरी मारली तर तो प्रवेश संपला. ब्रिटनचा व्हिसा असला तरी पॅरिसला परतता येणार नाही. परतीचं विमान फ्रँकफर्टहून असेल तर काय होईल विचार करा. आई-वडिलांचा प्रवास आखताना हे आधी तपासा.

इसारतीर

टेम्सकाठींनी फार महत्त्वाचं लिहिलं. त्याला जोडून स्वित्झर्लंड: शेंगेनमध्ये आहे, म्हणून व्हिसा चालतो. पण युरोपीय संघाच्या जकातक्षेत्रात नाही. तिथे नेण्याच्या वस्तूंची करमुक्त मर्यादा जानेवारी 2025 पासून माणशी 150 फ्रँक आहे, आधी 300 होती. मोबाइलचंही तसंच. युरोपीय संघात जून 2017 पासून जर्मन सिमकार्ड ऑस्ट्रियात घरच्याच दरात चालतं, स्वित्झर्लंडमध्ये तसं बंधन कंपन्यांवर नाही. तिथल्या बाझेल शहरात गेलात आणि फोन चालू राहिला तर बिल येऊ शकतं.

आणि कृष्णाकाठ, आदल्या रात्री ॲपमध्ये मार्ग नक्की बघा. या वाटेवर रुळांची कामं निघतात, मग मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस देतात, त्याला एसईव्ही लिहिलेलं असतं. तसं दिसलं तर ज्येष्ठांना घेऊन जाऊ नका, दिवस बदला. बसमध्ये चढउतार आणि स्टेशनाबाहेरची शोधाशोध त्यांना जड जाते.

अनवट

एक जागा मुद्दाम वेगळी लिहितेय, कारण सासऱ्यांचा सीमेचा प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. त्यांना सीमा खरोखर बघायची असेल तर गाडीतून नाही, पायी दाखवा.

साल्झबर्ग मुख्य स्टेशनाच्या तळघरातून लोकालबान नावाची छोटी गाडी सुटते. तिने अर्ध्या तासात ओबर्नडॉर्फला जाता येतं. हे गाव ऑस्ट्रियात आहे. समोर साल्झाख नदी, तिच्यावर 1903 चा लोखंडी पूल आणि पलीकडे लाउफेन, ते जर्मनीत. खरं तर ही दोन गावं नव्हतीच. ओबर्नडॉर्फ हे लाउफेनचंच उपनगर होतं, मिठाच्या नावा हाकणाऱ्या लोकांचं. नेपोलियनच्या युद्धांनंतर 1816 मध्ये साल्झबर्ग ऑस्ट्रियाकडे गेलं, नदीच्या पश्चिमेचा भाग बव्हेरियाकडे राहिला आणि सीमा नदीच्या मधोमध आली. गावाचे दोन तुकडे झाले. मुख्य चर्च एकीकडे, नावाड्यांची घरं दुसरीकडे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 24 डिसेंबर 1818 ला, ओबर्नडॉर्फच्या सेंट निकोलस चर्चमध्ये नाताळचं ते "सायलेंट नाइट" गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं जे आज जगभर म्हणतात. ते चर्च आता नाही. साल्झाखच्या पुरांनी इतकं नुकसान होत राहिलं की शेवटी गाव वरच्या बाजूला हलवलं आणि चर्च पाडलं. त्या जागेवर छोटं आठकोनी चॅपल आहे, 1937 मध्ये पूर्ण झालेलं. तुम्ही कृष्णेच्या काठच्या, 2005 आणि 2019 चं पाणी तुमच्या घरच्यांनी पाहिलंय. त्यांना इथे काही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पुलाच्या मध्यावर उभं राहिलं की खाली नदी वळण घेताना दिसते. एका टोकाला एका देशाची पाटी, दुसऱ्या टोकाला दुसऱ्या देशाची. माणसं पिशव्या घेऊन, मुलं सायकलवरून इकडून तिकडे जातात.

निवांत

अनवट, हे वाचून मुलीला फोन केला. पुढच्या वेळी येईन तेव्हा हा पूल पायी ओलांडायचा असं सांगून ठेवलंय.

कृष्णाकाठ

मी हा प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. 2005 ला त्यांनी पाण्यात अडकलेल्या लोकांसाठी गाड्या पाठवण्याचं काम केलं होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आधी तो पूल, मग बाकीचं."

तर आता साल्झबर्गमध्ये मिराबेल, गेट्राइडेगासे आणि लिफ्ट, एवढंच ठेवते. दुपारनंतर ओबर्नडॉर्फ. प्रश्न असा, की पूल ओलांडून लाउफेनला गेल्यावर परत साल्झबर्गला यायला हवं का, की तिथूनच म्युनिकला जाता येतं? आणि सासूबाईंना तेवढं चालणं जमेल का?

अनवट

परत यायची गरज नाही. लाउफेन बव्हेरियात आहे, तुमचं बायर्न-टिकेट तिथे लागू आहे. लाउफेनहून प्रादेशिक गाडीने फ्राइलासिंग, तिथे गाडी बदलून आरई 5 ने म्युनिक. फक्त साल्झबर्ग ते ओबर्नडॉर्फ एवढ्या टप्प्याचं लोकालबानचं तिकीट काढायचं, ते स्टेशनातल्या यंत्रावर मिळतं. पूल पायी ओलांडला तरी तुम्ही देश बदलताय, पासपोर्ट हॉटेलात किंवा घरी ठेवलेले चालणार नाहीत. फ्राइलासिंगला पोलीस भेटतील ते वेगळंच.

चालणं सपाटीचं आहे. ओबर्नडॉर्फ स्टेशन, चॅपल, पूल आणि लाउफेन स्टेशन, सगळं मिळून त्यांच्या चालीने पाऊण ते एक तास. चॅपलपाशी बाकं आहेत, तिथे अर्धा तास बसा. सासूबाई दमल्या असतील किंवा पाऊस लागला तर हा टप्पा सोडून साल्झबर्गहून सरळ परत जा, पूल दुसऱ्या दिवशीही होईल. दोन महिने आहेत ना ते.

लाउफेनहून गाडी साधारण तासाला एक असते. चॅपलपाशी बसलेले असतानाच पुढच्या गाडीची वेळ बघून ठेवा, म्हणजे पुलावर घाई होणार नाही. तारीख ठरली की इथे लिहा. मधला वार असेल आणि कामातून सुटले तर मी ओबर्नडॉर्फला येते, तुमच्या सासऱ्यांना भेटायला आवडेल.